विश्लेषण : गोठवणाऱ्या थंडीत ट्रकचे स्टिअरिंग जड का होते? दोष थंडीचा की यंत्राचा, हे कसे ओळखायचे?

काश्मीर आणि लडाखला जोडणारी झोजिला खिंड पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असायची. २०२२ मध्ये ती ७३ दिवसांच्या बंदनंतर उघडली, २०२३ मध्ये ६८, २०२४ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये अवघ्या ३२ दिवसांनंतर. सीमा रस्ते संघटनेच्या या कामगिरीचे कौतुक झाले, पण तिची दुसरी बाजू फारशी चर्चेत आली नाही. रस्ता जास्त दिवस उघडा राहिला, की ऐन थंडीत मालवाहू ट्रकही जास्त दिवस धावतात. रात्रभर उणे १५-२० अंशांत उभा राहिलेला ट्रक पहाटे सुरू केला की स्टिअरिंग जड लागणे, पंप कण्हल्यासारखा आवाज करणे हे नेहमीचे. बहुतेक वेळा ते थंडीमुळे असते आणि थोड्या वेळात जाते. काही वेळा मात्र तो खऱ्या दोषाचा इशारा असतो. हे दोन्ही वेगळे कसे ओळखायचे, हा घाटात जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे.

हा प्रश्न आताच का?

गेल्या काही वर्षांत हिमालयातील हिवाळी वाहतुकीचे चित्र बदलले आहे. रोहतांग खिंडीला पर्याय देणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. सोनमर्गकडे जाणारा झेड-मोड बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. झोजिलाखालून जाणाऱ्या बोगद्याचे काम सुरू आहे. २०२० मधील गलवान संघर्षानंतर पूर्व लडाखमध्ये मोठ्या संख्येने सैन्य हिवाळ्यातही तैनात राहू लागले. त्यांच्यासाठी आणि स्थानिकांसाठी लागणारे धान्य, इंधन, बांधकामाचे साहित्य यांचा मोठा भाग रस्त्यानेच जातो.

पूर्वी उन्हाळ्यात साठा करायचा आणि हिवाळ्यात दार लावून घ्यायचे, अशी पद्धत होती. आता डिसेंबर-जानेवारीतही ट्रकांची रांग लागते. द्रासमध्ये या काळात पारा उणे २० अंशांच्या खाली जाणे ही बातमी ठरत नाही. या ट्रकांतील अनेक वाहने मात्र वर्षातील बराच काळ सपाटीवर, ३५-४० अंशांत धावलेली असतात. त्यांच्यातील तेल, रबरी होज, ग्रीस हे सगळे त्या हवामानाला सरावलेले असते.

पॉवर स्टिअरिंग काम कसे करते?

भरलेल्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर अनेक टनांचा भार असतो. ती चाके केवळ हाताच्या जोरावर वळवणे फार कष्टाचे. म्हणून जड ट्रकांत तेलाच्या दाबाची मदत घेतली जाते. इंजिनवर चालणारा एक पंप टाकीतून तेल ओढतो आणि दाबाने स्टिअरिंगच्या गिअर बॉक्सकडे पाठवतो. चालकाने चक्र फिरवले की गिअर बॉक्समधील झडप उघडते, पिस्टनच्या एका बाजूला तेलाचा दाब येतो आणि तो पिस्टन चाके वळवायला मदत करतो. काम झालेले तेल गाळणीतून पुन्हा टाकीत येते.

हा दाब मोठा असतो. चाके पूर्ण वळवताना तो १५० बार किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन-सव्वादोन बार हवा असते, हे लक्षात घेतले की त्याची कल्पना येईल. मात्र पंपाची ही ताकद बाहेर ढकलण्यापुरती आहे. टाकीतून तेल आत ओढण्याच्या बाजूला त्याच्याकडे फारसा जोर नसतो. थंडीतील बहुतेक तक्रारी याच ओढण्याच्या बाजूला सुरू होतात.

थंडीत तेलाचे नेमके काय होते?

थिजलेले तूप चमच्याने काढताना जे जाणवते, तेच पंपाला जाणवते. स्टिअरिंगमध्ये अनेकदा वापरले जाणारे एटीएफ प्रकारचे तेल ४० अंश तापमानाला जितके पातळ असते, त्याच्या तीसपटीच्या आसपास दाट ते उणे २० अंशांना होते. असे तेल होजमधून सरकायला वेळ लागतो. पंपातील पात्यांना आपल्या खाचांतून बाहेर यायलाही दाट तेल अडथळा करते. पाती बाहेर आली नाहीत तर पंप फिरत राहतो, पण दाब तयार होत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काही क्षणांत स्टिअरिंगला मदतच नसल्यासारखे वाटते.

तेल कोणते भरले आहे, यावर बरेच अवलंबून असते. काही जड ट्रकांत कंपनी स्टिअरिंगसाठी इंजिन ऑइल वापरण्याची मुभा देते. परिचयाचे १५डब्ल्यू-४० हे इंजिन ऑइल ४० अंशांनाच एटीएफपेक्षा साधारण तिप्पट दाट असते. या नावातील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. १५डब्ल्यू दर्जाच्या तेलाची थंडीतील परीक्षा उणे २० आणि उणे २५ अंशांना होते. १०डब्ल्यूची उणे २५ आणि उणे ३० अंशांना, तर ५डब्ल्यूची उणे ३० आणि उणे ३५ अंशांना. म्हणजे द्रासच्या रात्री १५डब्ल्यू तेल आपल्या मर्यादेच्या काठावर असते. नाशिक किंवा नागपूरमध्ये वर्षभर बिनतक्रार चाललेले तेल तेथे पहाटे अडते, याचे कारण हे आहे. तेल खराब नसते, ते त्या जागेसाठी नसते.

यावरून आपल्या मनाने तेल बदलणेही योग्य नाही. गिअर बॉक्समधील सील विशिष्ट तेलाला धरून बनवलेली असतात. वाहनाच्या पुस्तिकेत थंड प्रदेशासाठी कोणते तेल सांगितले आहे ते पाहून, जुने पूर्ण काढून आणि गाळणी बदलूनच नवे भरायचे असते.

उंचीचा काय संबंध?

थंडीकडे सगळ्यांचे लक्ष जाते, उंचीकडे जात नाही. पंप तेल ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि टाकीतील तेलावर असलेला हवेचा दाब ते तेल पंपाकडे ढकलतो. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो, त्याच्या सुमारे ६५ टक्केच दाब ३,५०० मीटर उंचीवर असतो. झोजिला आणि लेह दोन्ही साधारण याच उंचीवर आहेत. ५,३०० मीटरच्या आसपासच्या खिंडींत तो निम्म्यावर येतो.

म्हणजे तेल दाट झाले आहे आणि त्याला ढकलणारी हवा विरळ आहे, अशी दुहेरी अडचण होते. पंपाला पुरेसे तेल मिळाले नाही की त्याच्या तोंडाशी पोकळी तयार होते, तेलात बुडबुडे उठतात आणि जास्त दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. खडे दळल्यासारखा किंवा कण्हल्यासारखा जो आवाज येतो, तो हाच. दोन-चार मिनिटांत तेल पातळ झाल्यावर तो थांबला तर चिंता नाही. पण इंजिन थंड असतानाच जोरात रेस केले, तर पंपाला आणखी तेल हवे असते आणि मिळत नसते. वारंवार असे झाले की पंपाच्या आतील पृष्ठभागावर खड्डे पडतात. थंडीपुरता असलेला त्रास अशा रीतीने कायमचा दोष बनतो.

थंडीचा परिणाम आणि खरा दोष यांतील फरक कसा कळतो?

सर्वात उपयोगी प्रश्न ‘किती जड?’ हा नसून ‘किती वेळ जड?’ हा आहे. थंडीमुळे आलेला जडपणा तेल तापत जाते तसा सारखा कमी होत जातो. तो दोन्ही बाजूंना वळताना सारखाच असतो. तितक्याच थंडीत, तितक्याच वेळ उभ्या ठेवलेल्या ट्रकला मोकळे व्हायला रोज साधारण तितकाच वेळ लागतो.

दोषाचे वागणे वेगळे असते. एकाच बाजूला वळताना स्टिअरिंग जड असेल, तर संशय पंपावर घ्यायचे कारण नाही. पंप दोन्ही बाजूंना तेच तेल देतो. दोष गिअर बॉक्सच्या झडपेत, आतील सीलमध्ये किंवा चाकांच्या जोडण्यांत शोधावा लागतो. इंजिन मंद चालताना जड आणि रेस दिल्यावर हलके होत असेल, तर पंप झिजल्याची किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाचा पट्टा घसरत असल्याची शक्यता असते. चक्र फिरवताना मध्येच झटके बसत असतील, तर तेलात हवा असू शकते. आणि गेल्या आठवड्यात पाच मिनिटांत मोकळे होणारे स्टिअरिंग तितक्याच थंडीत आता पंधरा मिनिटे घेत असेल, तर थंडी बदललेली नाही, यंत्र बदलले आहे.

हीच नोंद सर्वात मोलाची असते, कारण ती फक्त चालकाजवळ असते. ट्रक चार-पाच तास चालून गॅरेजपर्यंत पोहोचतो तेव्हा तेल तापलेले असते, दुपारचे ऊन असते. मिस्त्री चक्र फिरवून पाहतो, ते हलके असते. चालकाचे म्हणणे ‘थंडीचा भास’ म्हणून सोडून दिले जाते. चालक आणि मालक वेगळे असतील, तर दुरुस्तीच्या खर्चाचा निर्णयही चालकाच्या हाती नसतो. अशा वेळी ‘स्टिअरिंग जड आहे’ या तक्रारीपेक्षा ‘सोमवारी उणे १२ ला सहा मिनिटे, गुरुवारी उणे ११ ला चौदा मिनिटे, डावीकडे जास्त’ ही वहीतील ओळ नाकारणे अवघड जाते.

तेलात हवा शिरली आहे, हे कसे पाहायचे?

थंडीत रबर आकसते आणि कडक होते. टाकीपासून पंपापर्यंतच्या होजवरील क्लॅम्प उन्हाळ्यात घट्ट असतो, हिवाळ्यात तोच किंचित सैल पडतो. या होजमध्ये दाब कमी असल्याने तेथून तेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. त्यामुळे खाली थेंब दिसत नाही आणि गळती नाही असा समज होतो.

टाकीचे झाकण उघडल्यावर तेलावर फेस दिसला किंवा तेल दुधट दिसले, तर आत हवा किंवा पाणी आहे. दोन्हींतील फरक वेळाने कळतो. इंजिन बंद करून ट्रक तासभर उभा ठेवल्यावर तेल स्वच्छ झाले तर ती हवा होती. दुधटपणा तसाच राहिला तर पाणी असण्याची शक्यता जास्त. पाणी गोठून त्याचे कण गाळणीत अडकतात आणि तेलाची वाट अडवतात, म्हणून असे तेल बदलावेच लागते.

आणखी एक साधी चाचणी आहे. इंजिन चालू असताना टाकीतील तेलाची पातळी पाहायची, मग इंजिन बंद करून पुन्हा पाहायची. पातळी किंचित वर येणे स्वाभाविक आहे. ती एकदम बरीच वर आली, तर यंत्रणेत अडकलेली हवा दाब जाताच फुगली, असा त्याचा अर्थ. तेलाची पातळी मोजतानाही थंड आणि गरम तेलाच्या खुणा वेगळ्या असतात, हे विसरून चालत नाही. पहाटे गरम तेलाच्या खुणेपर्यंत तेल भरले, तर तापल्यावर ते टाकीबाहेर येते.

स्टिअरिंग यंत्रणा ठीक असूनही चक्र जड लागू शकते का?

हो, आणि इथेच पंप विनाकारण बदलले जातात. पहिले कारण टायर. २५ अंशांना १०० पीएसआय हवा भरलेला टायर उणे १५ अंशांना गेला, तर त्याचा दाब साधारण १५ पीएसआयने उतरतो. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने त्यातील पाचेक पीएसआयची भरपाई होते, पूर्ण होत नाही. हवा कमी असलेला टायर जमिनीला जास्त चिकटतो आणि वळायला जड जातो.

दुसरे कारण ग्रीस. पुढची चाके ज्या किंगपिनवर वळतात, तेथील ग्रीस थंडीत घट्ट होते. ग्रीसिंग वेळेवर झाले नसेल तर जुने, मातीमिश्रित ग्रीस आणखी त्रास देते. तिसरे कारण बर्फ. दिवसभर उडालेला चिखल आणि वितळलेला बर्फ चाकांच्या मागे, टाय रॉडभोवती आणि जोडण्यांवर साचतो आणि रात्री दगडासारखा गोठतो. पहाटे चाके पूर्ण वळत नाहीत ती पंपामुळे नव्हे, तर या बर्फामुळे. निघण्यापूर्वी खाली वाकून तो काढणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

लहान मालवाहू वाहनांत आता विजेवर चालणारे स्टिअरिंगही असते. तेथे तेलाचा प्रश्न नसतो, पण बॅटरीचा असतो. उणे १८ अंशांच्या आसपास शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता जवळपास निम्मी होते. इंजिन सुरू करतानाच ती दमते आणि विजेचा दाब खाली गेला की स्टिअरिंगची मदत कमी होते किंवा बंद पडते. अशा वाहनात आधी बॅटरी, तिची टोके आणि अल्टरनेटर तपासायचे असतात.

गॅरेजमध्ये तपासणीचा क्रम काय असावा?

स्वस्त आणि सोप्या तपासण्या आधी, सुटे भाग उघडणे शेवटी, हा नियम इथेही लागू होतो. टायरची हवा, साचलेला बर्फ, तेलाची पातळी आणि रंग, होज आणि क्लॅम्प, पट्टा, गाळणी हे सगळे पाहून झाल्यावर पुढची पायरी येते. पुढचा आस जॅकवर उचलून, खाली मजबूत स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून चक्र फिरवून पाहायचे. चाके जमिनीवर नसतानाही ते अडखळत असेल, तर दोष किंगपिन, जोडण्या, स्टिअरिंगचा दांडा किंवा गिअर बॉक्स यांत आहे. दांडा एकेका जोडणीपाशी सोडवून पाहिला की जागा सापडते.

त्यानंतर दाबाची तपासणी. पंप आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये गेज आणि झडप जोडतात. तेल चालण्याच्या तापमानाला आणून झडप क्षणभर बंद करतात आणि पंप किती दाब देतो ते पाहतात. हे पाच सेकंदांपेक्षा जास्त करायचे नसते, नाहीतर पंपच जळतो. पंप सांगितलेला दाब देत असेल, पण झडप उघडून चाके पूर्ण वळवल्यावर तो दाब मिळत नसेल, तर तेल गिअर बॉक्सच्या आतल्या आत गळते आहे. पंपच कमी दाब देत असेल, तर पंप किंवा त्याची नियंत्रक झडप दोषी. या एका चाचणीने महागडा भाग चुकून बदलण्याचा प्रसंग टळू शकतो. तक्रार फक्त थंडीतील असेल, तर ट्रक रात्रभर बाहेर ठेवून पहाटे सुरू करतानाच मिस्त्रीने हजर राहणे, हा तपासणीचाच भाग आहे.

तापल्यावर ठीक झाले, म्हणजे सगळे ठीक का?

नेहमी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेक मोटारींत एक तक्रार सर्रास येत असे. सकाळी स्टिअरिंग जड, एखाद्या बाजूला तर मदतच नाही आणि थोडे चालल्यावर सगळे सुरळीत. तिला ‘मॉर्निंग सिकनेस’ असेच नाव पडले. वरवर पाहता ती थंडीची तक्रार वाटे. प्रत्यक्षात झडपेच्या भोवतीच्या टेफ्लॉन कड्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीत चर पाडलेले असत. थंडीत कडक झालेली कडी त्या चरांशी जुळत नसत आणि तेल भलत्या बाजूला जाई. तापल्यावर कडी मऊ होऊन फट बुजे. झीज वाढत गेली, तसा मोकळे होण्याचा वेळ वाढत गेला आणि पुढे तो दोष तापल्यावरही राहू लागला.

ट्रकचा गिअर बॉक्स वेगळ्या बनावटीचा असतो, पण धडा तोच आहे. थंडी दोष निर्माण करतेच असे नाही, ती असलेला दोष आधी दाखवते. ऑइल सीलचेही तसेच. पहाटे दोन थेंब गळून तापल्यावर बंद होणारी गळती म्हणजे सील कडक होऊ लागल्याची खूण आहे.

काय करू नये?

डिझेल थिजू नये म्हणून टाकीखाली किंवा इंजिनखाली शेकोटी पेटवण्याची पद्धत डोंगरी भागात जुनी आहे. स्टिअरिंगच्या होजखाली असा जाळ करणे दुप्पट धोक्याचे आहे. कडक झालेले रबर चरकते आणि दाबाखालचे तेल जाळावर उडू शकते. स्टिअरिंगच्या तेलात रॉकेल किंवा डिझेल मिसळणे हाही उपाय नव्हे. तेल पातळ होते, पण त्याचा वंगणाचा गुण जातो आणि रबरी सील फुगतात. 

इंजिन सुरू करताच चक्र एका टोकाला नेऊन धरून ठेवणे टाळावे. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून, काही मिनिटांनी चक्र हळूहळू दोन्ही बाजूंना थोडे थोडे फिरवले की तेल यंत्रणेत फिरते आणि तापते. टोकापर्यंत नेले तरी तेथे रेंगाळायचे नाही. स्टिअरिंग पूर्ण मोकळे होईपर्यंत घाटात उतरायचे नाही, हे तर सगळ्यात महत्त्वाचे.

चालत्या ट्रकची मदत बंद पडली तर?

स्टिअरिंगचे चक्र आणि चाके यांची यांत्रिक जोडणी कायम असते, त्यामुळे तेलाचा दाब गेला तरी ट्रक वळवता येतो. प्रश्न जोराचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील ७९ क्रमांकाच्या नियमानुसार जड ट्रकच्या चक्रावर नेहमी लावावा लागणारा जोर २०० न्यूटनपेक्षा जास्त असता कामा नये. मदत बंद पडल्यावर तो ४५० न्यूटनपर्यंत चालतो. हा जोर साधारण ४५ किलो वजन उचलण्याइतका आहे. ही चाचणीही ताशी दहा किलोमीटर वेगाने होते आणि तीत वळण २० मीटर त्रिज्येचे, म्हणजे बऱ्यापैकी सैल असते.

झोजिलाची वळणे या चाचणीहून अरुंद, एका बाजूला दरी, खाली गोठलेला बर्फ. तेथे अचानक दुप्पट जोर लावायची वेळ आली, तर वळण पूर्ण करायला लागणारे एक-दोन सेकंदच कमी पडतात. मदत गेल्याचे जाणवताच वेग कमी करणे, गिअर खाली आणणे आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबणे एवढेच हाती असते. इंजिन बंद करून उतारावरून ट्रक नेणे तर थेट आत्मघात आहे. इंजिन थांबले की पंपही थांबतो.

मग जबाबदारी कोणाची?

थंडीतील डिझेलचा प्रश्न काही प्रमाणात यंत्रणेने सोडवला आहे. उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे ‘विंटर ग्रेड’ डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आणले. पंपावर गेले की ते मिळते, प्रत्येक चालकाला त्याचा विचार करावा लागत नाही. स्टिअरिंगच्या तेलाचे तसे नाही. ते वाहनात एकदा भरले की वर्षानुवर्षे कोणी झाकण उघडून पाहत नाही. वाहनाची फिटनेस तपासणीही ज्या गावी होते, तिथल्या हवामानात होते. पुण्यात किंवा अंबाल्यात उत्तीर्ण झालेला ट्रक द्रासच्या पहाटे कसा वागेल, हे ती तपासणी सांगत नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी फार खर्च लागत नाही. हिवाळी फेरीवर निघण्याआधी योग्य दर्जाचे तेल, नवी गाळणी, घट्ट क्लॅम्प आणि ताजे ग्रीस एवढी तयारी मालकाने करून द्यावी लागते. वर पोहोचल्यावर रोज पहाटे स्टिअरिंग मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, हे लिहून ठेवणे चालकाचे काम. ती मिनिटे वाढू लागली की ‘थंडी आहे, होईल ठीक’ म्हणत पुढे न जाता, वही मिस्त्रीसमोर ठेवायची. रस्ता वर्षभर उघडा ठेवण्यासाठी हजारो कोटींचे बोगदे खोदले जात आहेत. त्या रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकच्या टाकीतील दोन-चार लिटर तेलाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहण्याची गरज आहे.